धोंड्याच्या जेवणाआधी गच्चीवर: तव्यावरचं खरपूस पनीर

कैरीची फोड (परभणी)

१७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, १५ जूनपर्यंत आहे. मागचा अधिक महिना २०२३ च्या श्रावणात होता, तेव्हा निदान पावसाळी हवा होती. या खेपेला धोंडा ऐन उन्हाळ्यात आलाय. लेकी-जावई येणार, व्याही-विहीणबाई येणार, भाचरं तर सुट्टीला आलेलीच आहेत. दुपारच्या ४२-४३ अंशांत पुरण आणि तूप कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही, म्हणून जेवण संध्याकाळी ठेवलंय. ऊन कललं की गच्चीवर पाणी मारायचं, सतरंज्या टाकायच्या, आणि जेवायला बसेपर्यंत गप्पा.

त्या गप्पांच्या वेळी हातात काय द्यायचं, यासाठी हा धागा. भजी-वडे मला नको आहेत. पुढे धोंडे आहेत, ३३ अनारशांचं वाण आहे, त्याच्या आधी आणखी तळण म्हणजे पाहुण्याचं जेवणच मारणं. शिवाय तळायला उभं राहिलं की घरची बाई दोन तास कुणाला दिसत नाही. माहेरी आलेल्या लेकीशी बोलायचं कधी? म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणे असले की तव्यावरचं पनीर ठरलेलं. शेगडी आणि तवा गच्चीवरच नेते आणि सगळ्यांत बसूनच भाजते.

बारा माणसांना पाऊण किलो पनीर. एकेकाला दोन-तीन तुकडे. जास्त देऊ नये.

पनीर घट्ट बघून घ्यावं. अर्धा इंच जाडीच्या, दोन बोटं रुंद वड्या कापाव्यात. पातळ कापल्या तर आतून चामट होतात, जाड कापल्या तर बाहेरून करपेपर्यंत आत गारच. लिटरभर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून वड्या त्यात दहा मिनिटं ठेवायच्या. मीठ आतपर्यंत मुरतं आणि फ्रिजमधला ताठरपणा जातो. मग सुती पंचावर काढायच्या, वरून दुसरा पंचा, त्यावर ताट, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ताट काढून थोडा वेळ पंख्याखाली. सगळं यश इथे आहे. वडीला बोट लावलं तर बोट कोरडं राहिलं पाहिजे. ओल्या वडीचं आधी पाणी उकळतं आणि मग कुठे ती भाजायला लागते, तोवर आतला मऊपणा गेलेला असतो. आपली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की हे काम ती आपसूक करते.

तवा भाकरीचा, लोखंडी किंवा बिडाचा. पाण्याचा थेंब टाकला की टणाटण उडाला पाहिजे. तेल तव्यात ओतायचं नाही, वडीला पुसायचं. मी करडईचं घाण्याचं तेल वापरते. वड्या ठेवल्या की दीड-दोन मिनिटं हात लावायचा नाही. खालून खरपूस झाली की वडी आपणहून तवा सोडते. त्याआधी उलथणं घातलं तर सगळा पापुद्रा तव्याला राहतो आणि हातात पांढरं पनीर येतं. उलटून दुसरी बाजू तेवढीच.

आता मसाला. दोन चमचे येसर (भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाल्याचं पीठ) आणि थोडं लाल तिखट तेलात सरसरीत कालवून ठेवायचं. वड्या दोन्हीकडून भाजल्या की वरून हे बोटानं लावायचं, उलटवायचं, वीस सेकंद, की उतरवायचं. येसरात डाळी-धान्य आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे कच्चट लागत नाही आणि वडीला घट्ट बसतं. पण आधीपासून लावलं तर मसाला जळून कडू होतो. उतरवल्यावर लिंबू पिळायचं, कोथिंबीर टाकायची, आणि सोबत कैरीचा तक्कू. अधिक महिन्यात आमच्याकडे कांदा-लसूण नसतो, यात कुठेच लागत नाही.

तव्यावरून थेट द्रोणात आणि द्रोणातून तोंडात. ताटात रचून ठेवायचा हा पदार्थच नाही. पाच मिनिटांत बाहेरचा कुरकुरीतपणा जातो.

तुमच्याकडे काय करतात, तेही लिहा.

लोखंडी तवा (लातूर)

ताई, येसर! आम्ही येसर म्हणजे फक्त आमटी एवढंच धरून बसलो होतो. वाचनखूण साठवली.

एक विचारायचंय. हॉटेलात पनीर टिक्क्याला दह्यात मुरवतात. तसं रात्रभर मुरवून तव्यावर टाकलं तर जास्त चव येणार नाही का?

कैरीची फोड (परभणी)

दादा, हॉटेलात तंदूर असतो. चहूबाजूंनी तीनशे-चारशे अंशांचा झोत, दह्याचं पाणी क्षणात उडतं. घरच्या तव्यावर तेच दही पाणी सोडतं आणि पनीर त्या पाण्यात शिजतं. मुरवायचंच असेल तर चक्का घ्या, म्हणजे रात्रभर टांगलेलं दही, आणि त्यात भाजलेल्या डाळीचं पीठ चमचाभर. तरी खरं सांगू का, पनीरच्या आत मसाला फारसा शिरत नाही. तासन् तास मुरवून वरचा पातळ थरच काय तो रंगतो. मीठ मात्र शिरतं, म्हणून मिठाच्या पाण्याचा एवढा आग्रह.

सातवा मजला (छत्रपती संभाजीनगर)

पाककृती छान. पण आमची मुलं 'चीज, चीज' करतात. चीजचे क्यूब काडीला टोचून तव्यावर किंवा ग्रिल पॅनवर भाजले तर? पनीरपेक्षा चव जास्त असते त्याला.

प्रयोगवही (नांदेड)

क्यूब काडीवर राहणार नाही, तव्यावर सांडेल. कारण थोडं सविस्तर लिहिते, कारण हे कळलं की कुठलं चीज भाजायला चालेल, ते दुकानात उभं राहून ठरवता येतं.

नेहमीचं वितळणारं चीज कोमट दुधात, साधारण ३०-३५ अंशांना, रेनेट नावाचं विकर घालून लावतात. त्यात दुधातली केसीन नावाची प्रथिनं कॅल्शियमनं एकमेकांना धरून राहतात. पुढे जीवाणूंमुळे थोडा आंबटपणा चढतो आणि ही पकड सैल होते. असं चीज तापलं की आतला स्निग्धांश वितळतो, पकड सुटते आणि सगळं वाहायला लागतं. प्रोसेस्ड क्यूबमध्ये तर ते एकसारखं वितळावं म्हणून मुद्दाम सोडियमचे क्षार घातलेले असतात.

पनीरचं उलटं. आपण दूध ८० अंशांच्या वर असताना लिंबू घालतो. एवढ्या उष्णतेत निवळीतली, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली, प्रथिनंसुद्धा केसीनला चिकटतात, आणि आम्लामुळे कॅल्शियम सुटून पाण्यात निघून जातं. उरतं ते वेगळ्याच तऱ्हेचं जाळं. तापवलं तरी ते सैल पडत नाही, उलट आकसून पाणी सोडतं. म्हणून भाजीत पनीर कितीही उकळा, त्याचा तुकडा तुकडाच राहतो. आणि म्हणूनच जास्त वेळ भाजलं तर रबरासारखं होतं. ताईंनी दीड-दोन मिनिटं सांगितलीत ती याचसाठी, गरम तव्यावर थोडाच वेळ.

मुलांना चीजची चव हवी असेल तर पनीरची वडी उतरवायच्या आधी तिच्यावर किसलेलं चीज चिमूटभर टाका आणि झाकण ठेवा. आकार पनीर सांभाळेल, चव चीज देईल.

सातवा मजला (छत्रपती संभाजीनगर)

हे झाकणाचं लगेच करून बघते. धन्यवाद ताई.

दूरदेशी बीडकर (लिमासोल)

मी मूळचा केज तालुक्यातला, सध्या सायप्रसमध्ये नोकरीला. हा विषय वाचून राहवलं नाही, कारण न वितळणारं आणि भाजूनच खायचं चीज हे या बेटाचं दैवत आहे. हलूमी. २०२१ साली युरोपीय संघानं त्याला संरक्षित नाव दिलं, 'हलूमी' आणि तुर्की भाषकांचं 'हेल्लिम' दोन्ही. आपल्या मराठवाड्याच्या केशर आंब्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातलाच प्रकार.

मेंढीचं आणि शेळीचं दूध, बऱ्याचदा त्यात गाईचंही. प्रयोगवही ताईंचं वाचून एक भर घालतो. हलूमी रेनेटनंच लावतात, तरी वितळत नाही. कारण त्याला आंबू देत नाहीत, आणि दाबून केलेल्या लाद्या परत त्याच निवळीत ९० अंशांच्या वर तापवतात. मग मीठ लावून, वाळलेला पुदिना घालून दुमडतात. म्हणून त्या लादीला मधोमध घडी असते आणि घडीत पुदिन्याची काळपट पानं. भाजून खाताना दाताखाली चक्क आवाज येतो.

इथे उन्हाळ्यात हलूमी आणि कलिंगड एकत्र खातात. तव्यावरून उतरलेली खारट गरम फोड आणि फ्रिजमधली गार कलिंगडाची फोड, एका घासात. आपल्याकडे मे महिन्यात कलिंगडाचे ढीग लागलेले असतात. पनीर मिठाच्या पाण्यातून काढलेलं असलं की हे आपल्याकडेही तितकंच जमतं. सुट्टीत गावी आलो तेव्हा आईनं भाजलेल्या पनीरसोबत दिलं होतं, वरून पुदिना हातानं तोडून. करा म्हणजे करा.

माळकरी सून (अंबाजोगाई)

धागा आवडला. पण मला रेनेटचं नीट समजून घ्यायचंय. आमचे सासरे माळकरी. त्यांना कुणीतरी सांगितलंय की चीज वासराच्या पोटातल्या पदार्थानं लावतात, तेव्हापासून घरात चीज बंद. मग पनीरही शंकेत आलं. धोंड्याला माझे आई-वडील इकडेच येणार आहेत, त्यांच्यासमोर सासऱ्यांनी काही न खाता उठून जायला नको.

प्रयोगवही (नांदेड)

ताई, त्यांना सांगितलेलं चूक नाही. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या, कोकराच्या जठरातून काढतात. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो तर नियमानुसार त्याच रेनेटनं करावं लागतं, त्यामुळे शाकाहारी माणसानं ते टाळावंच. पण आता सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेटही सर्रास वापरतात आणि भारतात शाकाहारी म्हणून विकायच्या चीजला प्राण्याचं रेनेट चालत नाही. पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आहे का, ते बघायचं. मांसाहारी पदार्थावर आता तपकिरी चौकटीत त्रिकोण असतो. बाहेरून मागवलेलं हलूमी घेणार असाल तर साहित्याची ओळ वाचल्याशिवाय घेऊ नका.

पनीरचा यात संबंधच येत नाही. त्यात रेनेट नसतंच. लिंबू, लिंबूसत्त्व, ताक किंवा व्हिनेगर, एवढ्यावर ते होतं. सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर घरी दूध फाडा. त्यांची शंकाही जाईल आणि ते पहिला तुकडा मागून घेतील.

माळकरी सून (अंबाजोगाई)

मनावरचं ओझं उतरलं. मग घरीच करते. भाजता येईल असं घट्ट पनीर घरी होतं का पण? माझं नेहमी भुगा होतं.

देवणीवाला (उदगीर)

ताई, मी सांगतो. आमच्याकडं देवणी गाई हायत आन् दोन म्हशी. देवणीचं दूध पेढ्याला, चहाला लै गोड, पण भाजायच्या पनीरला म्हशीचंच घ्या. स्निग्धांश जास्त, लादी घट्ट बसती. म्हशीच्या लिटरभर दुधात दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर पडतं. गाईच्या दुधात त्याहून कमी. बारा माणसांना चार लिटर धरा.

दूध उकळलं की गॅस बंद करा आन् पाच मिनिटं थांबा. उकळत्यात लिंबू पिळलं की पनीर दाणेदार आन् कडक होतंय, तिथंच तुमचा भुगा व्हायलाय बगा. लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व, कपभर गरम पाण्यात विरघळवून घ्यायचं आन् थोडं थोडं सोडायचं. एका हातानं सोडायचं, दुसऱ्या हातानं हळू ढवळायचं. निवळी हिरवट-पिवळी आन् निव्वळ दिसली की थांबा. जास्त घातलं की आंबट व्हतंय आन् लादी भसकती.

पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग ओल्या धोतराच्या फडक्यात गाळा. फडकं पिळू नका! पिळलं की सगळी साय-चरबी निघून जाती. गरम असतानाच चौकोनी घडी घाला, पोळपाटावर ठेवा आन् वर वरवंटा. तासाभरानं वरवंटा काढा, लादी गार पाण्यात दोन तास सोडा. मग कापा. कोपरे तुटत नाहीत.

आदल्या दिवशी केलेलं बेस. आन् उन्हात नासलेल्या दुधाचं पनीर पाहुण्याला भाजून घालू नका, ते मऊ राहतंय आन् वासही येतोय. निवळी टाकू नका, त्यात भाकरीचं पीठ मळा.

माळकरी सून (अंबाजोगाई)

पिळत होते मी फडकं! दादा, खूप आभार.

गोदाकाठ (नांदेड)

विकतचं घेणाऱ्यांसाठी. सुटं पनीर घेताना सावध राहा, उन्हाळ्यात आणि लग्नसराईत तर जास्तच. दूध कमी असतं, मागणी दुप्पट. दुधाची पावडर आणि पामतेल वापरून केलेलं पनीरसारखं दिसणारं काहीतरी बाजारात येतं. २०२५ मध्ये महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनानं यावर मोहीमही काढली. असा पदार्थ विकायला बंदी नाही, पण 'अ‍ॅनालॉग' असं स्पष्ट लिहून विकावा लागतो. पाकिटावर साहित्यात दूध आणि आम्ल एवढंच असेल तर पनीर. वनस्पती तेल किंवा स्टार्च दिसलं की परत ठेवा.

आयोडीनचा थेंब टाकून बघायची युक्ती सगळीकडे फिरते. पनीर निळं-काळं झालं तर पिठूळ काहीतरी मिसळलंय, हे खरं. पण निळं झालं नाही म्हणून ते शुद्ध, असं मात्र नाही. पामतेल आयोडीनला सापडत नाही. ओळखीच्या डेअरीतून घ्या किंवा देवणीवाले दादा म्हणतात तसं घरी करा.

दुसरी गोष्ट उन्हाची. कापलेलं पनीर गच्चीवर उघडं ठेवून गप्पांत रमू नका. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर असे पदार्थ तासाच्या आत संपले पाहिजेत, आणि आपल्याकडे संध्याकाळी सातलाही ३८ असतात. वड्या पुसून डब्यात, डबा बर्फाच्या खोक्यात, आणि तव्यात मावतील तेवढ्याच बाहेर. तक्कूचं तसं काही नाही, कैरी आणि मीठ आहे. पण चक्का लावलेलं पनीर असेल तर जास्त जपा. घरात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं असतात.

कैरीची फोड (परभणी)

बर्फाच्या खोक्याचं लिहायला हवंच होतं, बरं झालं आठवण केलीत. थर्माकोलचा मासळीवाल्यांचा डबा नको, औषध दुकानात लशींसाठी येणारे नवे कोरे डबे मिळतात, ते छान.

मोसंबीबाग (जालना)

गॅसवर तवा ठीक, पण कोळशाच्या शेगडीवर जी चव आहे ती तव्यावर नाही! आमच्या मळ्यात बाभळीचा कोळसा असतो. पेटवल्यावर अर्धा तास धीर धरायचा. ज्वाळा पूर्ण बसून कोळशावर राखेचा पांढरा थर आला की मगच पनीर. ज्वाळेवर धरलं तर बाहेर काजळी, आत कच्चं.

जाळीवर सुट्या वड्या टाकू नका, जाळीत रुतून तुटतात. चपट्या लोखंडी सळया घ्या. गोल सळईवर वडी गरकन फिरते आणि एकच बाजू भाजत राहते. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा. मध्ये ढोबळी मिरची आणि हिरव्या कैरीची पातळ चकती लावायची. कैरी भाजली की तिचा आंबटपणा नरम होतो आणि रस पनीरवर उतरतो. मी पिकलेला केशरही लावून बघा म्हणेन, एक फोड.

कोळसा उघड्या गच्चीवरच. बंद खोलीत, जिन्यात शेगडी नको, कोळशाचा विषारी वायू नाकाला कळत नाही. आणि मेच्या शेवटी संध्याकाळी वळीव येतो, आधी वावटळ सुटते. शेगडी कठड्याच्या आडोशाला ठेवा, जवळ पाण्याची बादली.

लोखंडी तवा (लातूर)

शेगडीचं एकदम मान्य. केशराचं मात्र नाही पटलं. गरम पनीर, येसर, आणि त्यात गोड आंबा? केशर कापून नुसता खावा. आंबटासाठी कैरी आहे, चिंच आहे. आमच्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला मानांकन मिळालंय. चिंच, गूळ, जिरं आणि सैंधव असा दाटसर कोळ करायचा. पनीर त्यात बुडवून खायचं.

दूरदेशी बीडकर (लिमासोल)

चिंचेच्या कोळाला माझं मत. इथे लोक हलूमीवर डाळिंबाचा आटवलेला रस घालतात, तोही आंबट-गोडच. खारट चीजला त्याची फार गरज असते.

मोसंबीबाग (जालना)

ठीक आहे, केशराचा हट्ट सोडतो. पण प्यायला मोसंबीचा रसच, जालन्याच्या मोसंबीचा. मीठ-जिरं टाकून, साखर नको. यावर वाद घालू नका.

घागरमाळ (हिंगोली)

दोन छोट्या शंका आहेत. एक, माझ्याकडे लोखंडी तवा नाही, नॉनस्टिक आहे. दोन, येसर घरात नाही. इथे वसमतची हळद भरपूर आहे, ती चालेल?

कैरीची फोड (परभणी)

नॉनस्टिकवर होईल, पण तो लोखंडासारखा रिकामा कडकडीत तापवू नका, लेप खराब होतो. मध्यम आच, वड्या कमी आणि प्रत्येक बाजूला मिनिटभर जास्त. रंग फिका येईल, चव वाईट नाही. जमलं तर आठवडी बाजारातून बिडाचा तवा आणाच. घावन, धिरडी, सगळं त्यावर होतं.

नुसती हळद नको, ती तव्यावर लगेच कडवट होते. हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, तीळ आणि थोडं सुकं खोबरं वेगवेगळं मंद भाजा. डाळ तांबूस होईपर्यंत. मग भरड नको, बारीक दळा, त्यात चिमूट हळद आणि तिखट. येसरात याहून बरंच काही असतं, पण पनीरवर लावायला एवढं पुरे. कारळाची चटणी घरात असेल तर तीसुद्धा तेलात कालवून चालते. तिला आच दाखवू नका, उतरवल्यावर लावा.

विहीणबाई (सेलू)

माझा प्रश्न वेगळाच आहे. बारा नाही, पंचवीस माणसं आहेत. एका तव्यावर कसं उरकायचं? शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत पहिला जेवायला उठेल.

कैरीची फोड (परभणी)

विहीणबाई, फुटभर तव्यावर एका वेळी दहा-बारा वड्या बसतात आणि एक घाणा पाच मिनिटांत उतरतो. पंचवीस माणसांना दोन तवे लावा, अर्ध्या तासात हातावेगळं होतं. सगळ्यांना एकदम वाढायचा आग्रह धरू नका. पहिला घाणा लेकरांना, नाहीतर ती तव्याभोवती घुटमळतात आणि भाजून घेतात. दुसरा मोठ्या माणसांना बसल्या जागी. जावयांना सांगा, तव्याजवळ या. आमचे दोघंही येतात, एक जण उलथणं हातात घेतो, दुसरा लिंबू पिळतो. बोलणं तिथंच खरं होतं.

आणि तवा गर्दी करून भरू नका. वड्या एकमेकींना टेकल्या की वाफ अडते आणि सगळ्याच पांढऱ्या राहतात. मध्ये बोटभर जागा हवी.

विहीणबाई (सेलू)

दोन तवे आणि जावई. जमलं म्हणायचं. पळसाचे द्रोण आताच सांगून ठेवते.

सातवा मजला (छत्रपती संभाजीनगर)

काल रात्री झाकणाचा प्रयोग केला. पनीरवर किसलेलं चीज, मिनिटभर झाकण. चीज वितळून वडीच्या कडेनं तव्यावर उतरलं आणि तिथं जाळीसारखं कुरकुरीत झालं. मुलांनी आधी ती जाळीच खाल्ली. मोठ्यांना येसरवालं जास्त आवडलं. कलिंगडासोबतही दिलं, ते तर मला स्वतःला सगळ्यात आवडलं.

थोड्या वड्या उरल्यात. परत गरम केल्या तर चालतील का?

कैरीची फोड (परभणी)

परत तव्यावर टाकू नका, चिवट होतात. रात्रीच लगेच फ्रिजमध्ये ठेवल्या असतील तर हातानं कुस्करा. हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू घालून कालवा, गरम भाकरीसोबत सकाळीच संपवा. दुपारपर्यंत ठेवू नका.